पराभूत सेनानीचा निर्णय

गोवामुक्तीची कथा आपण विजेत्यांच्या बाजूने वाचतो. तीन दशकांहून अधिक काळ शासनसेवेत घालवलेल्या मला मात्र पराभूत बाजूचा एक अधिकारी अस्वस्थ करतो. ते म्हणजे गोव्याचे अखेरचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा.

जन्म १८९९चा, पेशा लष्करी अभियंत्याचा. डिसेंबर १९५८मध्ये ते पणजीस आले, तेव्हा तडजोडीच्या वाटा लिस्बनने आधीच बंद केल्या होत्या. १९५१मध्ये वसाहतींना सागरपार प्रांत ठरवून सालाझार यांनी दिल्लीशी वाटाघाटीचा प्रश्नच निकालात काढला. १९५५मध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, राजनैतिक संबंध तुटले. नाटो कराराचे कवच आशियातील वसाहतींना नव्हते. १९६१मध्ये अंगोलात बंड पेटले आणि सैन्याची निकड तिकडे वाढली.

गोव्यात होती सुमारे साडेतीन हजारांची शिबंदी. लढाऊ विमान एकही नाही. मोठी युद्धनौका एकच, तीही १९३०च्या दशकातली. १४ डिसेंबरला सालाझार यांचा आदेश आला: किमान आठ दिवस झुंजावे, शरण जाऊ नये. तेवढ्या अवधीत जागतिक मत भारताविरुद्ध वळवता येईल, हा हिशेब. म्हणजे शिबंदीने गोवा राखावा, ही अपेक्षाच नव्हती. तिचे बलिदान हेच मुत्सद्देगिरीचे भांडवल होते.

१८ डिसेंबरला भारतीय फौजा शिरल्या. पोर्तुगीजांनी पूल उडवले, मुरगाव बंदरात युद्धनौका झुंजली. मात्र १९ तारखेच्या रात्री व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. दोन्ही बाजूंचे मृत मिळून शंभराच्या आत राहिले.

युद्धकैदेतून मायदेशी परतल्यावर १९६३मध्ये ते लष्करातून बडतर्फ झाले. १९७४च्या क्रांतीनंतर हुद्दा परत मिळाला. १९८०मध्ये ते गोव्यास भेट देऊन गेले, १९८५मध्ये निवर्तले.

त्यांना नायक ठरवणे मी टाळतो. स्वातंत्र्यसैनिकांना तुरुंगात डांबणाऱ्या राजवटीचेच ते प्रमुख होते. तरीही, सेवेत असताना अशक्य आदेशांवर मी कधी कधी अनुकूल शेरे मारले आणि त्यांची किंमत इतरांनी मोजली, हे या चरित्रापाशी आठवते. बलाढ्य शेजाऱ्याशी बोलणी नाकारण्याची चूक लिस्बनची होती. शिक्षा मात्र झाली ती माणसे वाचवणाऱ्याला.