जॉर्ज द्रुयार

जॉर्ज द्रुयार (जन्म : इ.स. १७७३च्या सुमारास, मृत्यू : मे, इ.स. १८१०) हा उत्तर अमेरिकेतील शिकारी, दुभाषी आणि फासेपारधी होता. इ.स. १८०४ ते १८०६ या काळात मिसूरी नदीपासून रॉकी पर्वत ओलांडून प्रशांत महासागरापर्यंत गेलेल्या लुईस आणि क्लार्क मोहिमेचा तो मुख्य शिकारी होता. या मोहिमेच्या वर्णनांत सेनानींची आणि साकागाविया या शोशोनी स्त्रीची नावे प्रथम येतात. मोहिमेच्या पोटात रोज जे अन्न पडत होते त्याचा मोठा वाटा मात्र द्रुयारच्या बंदुकीचा होता.

पूर्वायुष्य

द्रुयारचे वडील पिएर हे फ्रेंच कॅनेडियन असून डेट्रॉइट येथे ब्रिटिशांकडे दुभाष्याचे काम करीत. आई शॉनी जमातीची होती. बालपणीच तो आईबरोबर मिसिसिपी नदीकाठच्या केप जिरार्डो परिसरात आला. फ्रेंच, इंग्रजी व शॉनी या भाषांबरोबरच मैदानी प्रदेशातील जमाती परस्परांशी बोलताना वापरीत ती खुणांची भाषाही त्याला अवगत होती. नोव्हेंबर १८०३मध्ये फोर्ट मॅसॅक येथे मेरीवेदर लुईसने त्याला दरमहा २५ डॉलर वेतनावर दुभाषी म्हणून नेमले. लुईस व क्लार्क यांना त्याच्या फ्रेंच आडनावाचे लेखन कधीच साधले नाही. रोजनिशीत त्याचे नाव उच्चारावरून, तऱ्हेतऱ्हेने लिहिलेले आढळते.

मोहिमेतील शिकारी

मोहिमेच्या कायम तुकडीत तीसहून अधिक माणसे होती. लुईसच्या हिशेबाने त्यांना एका दिवसाला चार हरणे, किंवा एक एल्क व एक हरीण, किंवा एक गवा (बायसन) लागत असे. एल्क हे काश्मिरातील हंगुलाशी नाते असलेले, पण त्याहून बरेच मोठे हरीण आहे. त्याचे मांस खाण्यास आणि कातडे कपडे व पादत्राणे यांसाठी उपयोगी पडे.

शिकारीचे साधन म्हणजे ठासणीची, चकमकीवर चालणारी रायफल. नळीच्या तोंडातून दारू व गोळी गजाने ठासायची, बाजूच्या रंजकदानीत चिमूटभर रंजक घालायची आणि चाप ओढायचा. घोड्यात धरलेली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी उडे व बार निघे. रंजक दमट झाली की बंदूक मुकी. शिवाय बार एकदाच मिळे. पुन्हा ठासून होईपर्यंत कळप डोंगरापलीकडे गेलेला असे. त्यामुळे वाऱ्याची दिशा पाहून जनावराच्या अगदी जवळ पोहोचणे हेच खरे कसब होते, आणि त्यात द्रुयारची बरोबरी करणारे तुकडीत कोणी नव्हते. दारू कोरडी राहावी म्हणून लुईसने ती ५२ शिशाच्या डब्यांत भरून आणली होती. डबा रिकामा झाला की तोच वितळवून गोळ्या ओतीत. एका डब्यातील दारूला पुरेल इतकेच शिसे त्या डब्यात असे.

तरीही बंदूक होती म्हणून पोट भरेलच असे नव्हते. सप्टेंबर १८०५मध्ये बिटररूट पर्वतरांगेत बर्फ पडू लागले, मोठे जनावर दिसेना, आणि तुकडीला बरोबरची शिंगरे मारून खावी लागली. पलीकडच्या उतारावर नेझ पर्स लोकांनी मासे व कंदमुळे दिल्यावर ही उपासमार थांबली.

त्यानंतरचा हिवाळा तुकडीने प्रशांत किनाऱ्याजवळ, आजच्या ओरेगन राज्यातील फोर्ट क्लॅटसॉप येथे काढला. तेथे पाऊस जवळजवळ रोज कोसळे, मांस धूर देऊनही नासे आणि एल्कचे कळप दलदलीपलीकडे काही मैलांवर असत. मारलेले जनावर खांद्यावरून आणणे हे मारण्याहून कठीण काम होते. १२ जानेवारी १८०६ रोजी द्रुयारने एकाच दिवसात सात एल्क टिपले. हा शिकारी नसता तर आपला निभाव कसा लागला असता हे सांगता येत नाही, अशा अर्थाची नोंद लुईसने त्या दिवशी केली. डिसेंबर ते मार्च या काळात तुकडीने १३१ एल्क व २० हरणे मारली. त्यांच्या कातड्यांतून परतीच्या प्रवासासाठी पादत्राणांचे तीनशेहून अधिक जोड शिवले गेले.

परतीच्या वाटेवर जून १८०६मध्ये बर्फामुळे बिटररूटमधून मागे फिरावे लागले, तेव्हा द्रुयार व जॉर्ज शॅनन यांना वाटाडे आणण्यासाठी नेझ पर्स लोकांकडे पाठवण्यात आले. बंदुकांच्या मोबदल्यात वाटाडे मिळाले. २७ जुलैच्या पहाटे टू मेडिसिन नदीकाठी ब्लॅकफीट तरुणांनी रायफली पळवण्याचा प्रयत्न केला. आपली बंदूक परत हिसकावणाऱ्या द्रुयारच्या ओरडण्याने लुईस जागा झाला. दोन आठवड्यांनी एल्कच्याच शिकारीत पिएर क्रुझात या अधू दृष्टीच्या सोबत्याने कातडी पोशाखातील लुईसला एल्क समजून गोळी घातली. लुईस त्यातून वाचला.

नंतरचे आयुष्य

इ.स. १८०७मध्ये द्रुयार मॅन्युएल लिसाच्या फर व्यापारी तुकडीबरोबर पुन्हा मिसूरीवर निघाला. वाटेत आंत्वान बिसोनेत हा नोकर पळाला. त्याला जिवंत वा मृत आणण्याचा हुकूम लिसाने दिला आणि द्रुयारने त्याच्यावर गोळी झाडली. जखमी बिसोनेतचा पुढे मृत्यू झाला. इ.स. १८०८मध्ये सेंट लुईस येथे द्रुयारवर खुनाचा खटला चालला व तो निर्दोष सुटला. मात्र न्यायालयाने सोडले म्हणून त्याच्या मनाने त्याला सोडले नाही. पुढच्या वर्षी बहिणीला पाठवलेल्या पत्रात त्याने हे कृत्य द्वेषातून नव्हे तर अविचाराने घडल्याचे सांगून खेद व्यक्त केला. खटल्याच्या खर्चाने त्याची कमाईही गेली होती.

याच काळात यलोस्टोन नदीच्या दक्षिणेकडील खोऱ्यांतून केलेल्या भटकंतीची माहिती त्याने विल्यम क्लार्कला पुरवली. क्लार्कच्या इ.स. १८१४ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशात तिचा उपयोग झाला.

मृत्यू

इ.स. १८१०च्या वसंतात पिएर मेनार व अँड्र्यू हेन्री यांच्या तुकडीने मिसूरीच्या उगमाजवळ, थ्री फोर्क्स येथे किल्ला बांधला. ब्लॅकफीट लोकांच्या हल्ल्यात काही फासेपारधी मारले गेल्यावर इतर लोक किल्ल्याबाहेर पडण्यास कचरू लागले. द्रुयार मात्र बीव्हर पकडण्यासाठी जातच राहिला. मे महिन्यात किल्ल्यापासून थोड्या अंतरावर तो व त्याचे दोन सोबती मृतावस्थेत सापडले. जमिनीवरील खुरांच्या खुणांवरून, घोड्याला गोल फिरवीत त्याच्या आडून तो लढत राहिला असावा, असे सोबत्यांना दिसले. हा किल्ला त्याच वर्षी सोडून देण्यात आला.