ऋतूंना सुरांत बांधणारे कुमार गंधर्व

फ्रान्सच्या क्लोद देब्युसी यांनी समुद्र, ढग आणि चांदणे सुरांतून उभे केले. भारतीय रागसंगीतात ऋतूंची अशीच चित्रे रेखाटणारे नाव म्हणजे पंडित कुमार गंधर्व. मुलांना रागदारीची ओळख करून देण्यासाठी त्यांच्या जीवनाइतकी बोलकी कहाणी क्वचितच सापडेल.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. ध्वनिमुद्रिका ऐकून थोर गवयांचे गाणे जसेच्या तसे गाणारा हा बालक लहान वयातच जाहीर मैफली करू लागला. कुमार गंधर्व ही पदवी त्याला बालपणीच मिळाली. पुढे मुंबईत प्राध्यापक बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. विविध घराण्यांचा अभ्यास असलेल्या या गुरूंमुळे अनुकरणाच्या पलीकडे पाहण्याची दृष्टी त्यांना लाभली.

१९४७ मध्ये गायिका भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि लवकरच क्षयरोगाचे निदान झाले. कोरडी हवा मानवेल म्हणून हे दांपत्य १९४८ च्या सुमारास माळव्यातील देवास येथे आले. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली. ऐन उमेदीतील गायक अंथरुणाला खिळला. भानुमतींनी शिक्षिकेची नोकरी करून घर सांभाळले आणि पतीची शुश्रूषाही केली.

गाणे थांबले, पण ऐकणे थांबले नाही. पाखरांचे आवाज, पावसाची चाहूल, शेतकरी स्त्रियांची लग्नगीते, नाथपंथीयांची निर्गुणी भजने हे सारे ते कान देऊन ऐकत राहिले. त्या लोकधुनांची टिपणे त्यांनी करून ठेवली. रागांचे मूळ अशा धुनांमध्ये आहे, हा विचार येथेच दृढ झाला.

स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाने १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांना जीवदान मिळाले. मात्र एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. दमसास कमी पडला, तेव्हा त्यांनी छोट्या, टोकदार स्वरसमूहांची आणि अर्थपूर्ण विरामांची नवी गायकी घडविली. मालवती, संजारी, लगनगांधार असे राग लोकधुनांतून आकारास आले. त्यांचा अनुपरागविलास हा बंदिशसंग्रह १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. गीतवर्षा, गीत हेमंत आणि गीत वसंत या कार्यक्रमांतून त्यांनी लोकगीते व बंदिशी एकत्र गुंफून ऋतुचक्र रसिकांपुढे उलगडले.

१९६१ मध्ये भानुमतींचे निधन झाले. पुढे विवाहबद्ध झालेल्या वसुंधरा श्रीखंडे यांनी मैफलींतही त्यांना साथ दिली. परंपरा मोडल्याचा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला, तरीही त्यांनी आपली वाट सोडली नाही. १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

रागाचे व्याकरण मुलांना लगेच उमगत नाही, परंतु पहिला पाऊस त्यांच्या परिचयाचा असतो. गीतवर्षातील सरी ऐकता ऐकता ती रागापर्यंत सहज पोहोचू शकतात. गाता येत नव्हते त्या काळात कुमारांनीही ऐकण्यापासूनच नवी सुरुवात केली होती.