डासाच्या पोटातले उत्तर

नांदेड आणि लातूरचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हाची ही गोष्ट. हिवतापाचे कोडे याच संस्थानातील सिकंदराबादेत सुटले. ते सोडवणारे डॉक्टर म्हणजे रोनाल्ड रॉस.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्यात झाला. त्यांना ओढ होती साहित्याची. लष्करी अधिकारी असलेल्या वडिलांच्या आग्रहाखातर ते डॉक्टर झाले आणि १८८१ मध्ये सरकारी वैद्यकीय सेवेत दाखल झाले. हिवताप दलदलीच्या दूषित हवेने होतो, असा तेव्हा समज होता. रुग्णाच्या रक्तातील परजीवी १८८० मध्येच सापडला होता. पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? पॅट्रिक मॅन्सन यांनी डासावर संशय घेतला आणि रॉस कामाला लागले.

एका डासाच्या चाव्यामागे एक आणा देऊन त्यांनी हुसेन खान या रुग्णाला डास चावू दिले. ते डास एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवी दिसला. पुढच्या वर्षी कोलकात्यात पक्ष्यांवरील प्रयोगांतून त्यांनी परजीवीचा डासाच्या लाळग्रंथीपर्यंतचा प्रवास दाखवला. १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पुढची अनेक वर्षे ते डबकी बुजवा, पाणी साचू देऊ नका, हेच सांगत राहिले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी अंदाजे ८ लाख लोक हिवतापाने दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे १ लाखावर आली. मात्र फवारणीत ढिलाई आली, डासही औषधाला दाद देईनासे झाले आणि १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली.

आज मृत्यूची कारणे बदलली आहेत. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग अशा असंसर्गजन्य आजारांचा देशातील मृत्यूंमधील वाटा १९९० मध्ये सुमारे ३८ टक्के होता. २०१६ मध्ये तो ६२ टक्क्यांवर गेला. पण डास हटलेला नाही. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तिथे घरोघरी पिंप आणि हौद भरून ठेवतात. डेंग्यूचा एडिस डास नेमक्या अशाच साठ्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून साठे झाकावेत आणि आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत. रॉस यांचा सल्ला मराठवाड्याला आजही तितकाच लागू आहे.