विवाहसंस्था आणि इतिहासाचार्य राजवाडे

विवाहसंस्था अनादी आहे, अशी बहुतेक समाजांची समजूत असते. ज्या अर्थी आपल्या आजोबा-पणजोबांचे विवाह विधिपूर्वक झाले, त्या अर्थी सृष्टीच्या आरंभापासून तसेच चालत आले असले पाहिजे, असे सामान्य माणूस गृहीत धरतो. या गृहीताला महाराष्ट्रात पहिला मोठा धक्का दिला तो एखाद्या बंडखोर सुधारकाने नव्हे. स्वदेश, स्वभाषा आणि स्वधर्म यांच्या अभिमानाने भारलेल्या एका इतिहाससंशोधकाने. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या अपूर्ण ग्रंथाचे खरे महत्त्व या विसंगतीत आहे.

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. वडिलांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे कुलाबा जिल्ह्यातील वरसई येथे आप्तांच्या आधाराने त्यांचे संगोपन झाले. पुण्यात रखडतखडत ते पदवीधर झाले. ज्या शाळा-महाशाळांतून ते शिकले, त्यांतील शिक्षणाची त्यांनी पुढे एका निबंधात निर्दय चिकित्सा केली. अध्यापनाच्या व्यवसायातील प्रत्येकाने तो निबंध आजही वाचण्यासारखा आहे. काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली, पण ती टिकली नाही. ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढून त्यांनी प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा अनुवाद मराठीत आणला. तरुणपणीच पत्नी निवर्तली. त्यानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. विवाहाचा इतिहास लिहिणाऱ्या या पुरुषाच्या वाट्याला वैवाहिक आयुष्य असे थोडेच आले.

पुढचे सारे आयुष्य कागदांच्या शोधात गेले. गावोगावच्या जुन्या वाड्यांतील माळे आणि धुळीने भरलेली दप्तरे धुंडाळीत ते पायपीट करीत राहिले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रव्यवहाराने पानिपतच्या प्रकरणावर त्यात नवा प्रकाश पडला. असे एकंदर २२ खंड सिद्ध झाले. १९१० साली पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हीही त्यांच्याच प्रेरणेची फलश्रुती होय. पुढे मंडळाशीही त्यांचे बिनसले आणि त्यांनी धुळे जवळ केले. तडजोड हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. आपले संशोधन मराठीतच लिहिण्याचा निग्रहही त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

अस्सल कागदावाचून इतिहास नाही, असे मानणारा हा संशोधक ज्या काळाचा एकही कागद उरलेला नाही, त्या काळातील स्त्रीपुरुषसंबंधांकडे वळला. कागदाच्या जागी आता त्याचे साधन झाले शब्द आणि पुराणकथा. महाभारताच्या आदिपर्वात पंडू कुंतीला श्वेतकेतूची कथा सांगतो. उद्दालक ऋषीच्या पत्नीला एक ब्राह्मण सर्वांदेखत हात धरून घेऊन जाऊ लागतो. मुलगा श्वेतकेतू क्रुद्ध होतो. पण पिता त्याची समजूत घालतो, की हाच पूर्वापार धर्म आहे, स्त्रिया कोणाच्या बंधनात नाहीत. श्वेतकेतूला हे मानवत नाही, आणि तो पतिपत्नींच्या एकनिष्ठेची मर्यादा घालून देतो. उत्तरकुरूंच्या देशात जुना प्रघात अद्याप चालू असल्याचेही पंडू सांगतो. त्याच पर्वात एकपतित्वाच्या नियमाचे जनकत्व दीर्घतम्याकडेही दिलेले आहे. नियमाचा कर्ता कोण, याविषयी परंपरेत एकवाक्यता नाही. मात्र नियम कोणीतरी केव्हातरी घातला, याविषयी तिला शंका नाही.

राजवाडे यांनी नेमके हेच सूत्र पकडले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यम-यमीचा संवाद, महाभारतातील जुन्या कथा, यज्ञसंस्थेचे अवशेष या सर्वांतून त्यांनी असा सिद्धांत मांडला, की अनिर्बंध समागमापासून आरंभ करून भारतीय समाज टप्प्याटप्प्याने विवाहबंधनापर्यंत आला. स्मृतिग्रंथही या दृष्टीने बोलके आहेत. मनुस्मृती विवाहाचे आठ आणि पुत्रांचे बारा प्रकार सांगते. अविवाहितेचा कानीन, गुप्तपणे जन्मलेला गूढोत्पन्न, नियोगाने झालेला क्षेत्रज, पुनर्विवाहितेचा पौनर्भव, या सर्वांना तिने वर्गीकरणात स्थान दिले आहे. नियोगाची रीत सांगून लगेच त्याचा निषेधही तीच करते. एका प्रथेचा अस्त जणू एकाच अध्यायात नोंदला गेला आहे.

या लेखनाचा आरंभीचा भाग १९२३ साली प्रसिद्ध होताच सनातनी वाचकांत खळबळ उडाली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाडे निवर्तले, तेव्हा संकल्पित ग्रंथ अपुराच होता. १९७६ साली श्रीपाद अमृत डांगे यांच्या प्रस्तावनेसह तो पुस्तकरूपाने वाचकांपुढे आला.

राजवाडे यांचे सर्वच निष्कर्ष आज टिकणारे नाहीत. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती ओढाताणीच्या आहेत. पुराणकथा ही घडलेल्या गोष्टीची साक्ष असतेच असे नाही; कित्येकदा रूढ नियमाचे समर्थन करण्यासाठी ती मागाहून रचलेली असते. सर्व मानवसमाज एके काळी निर्बंधरहित अवस्थेत होते, ही मॉर्गनप्रभृतींची १९व्या शतकातील कल्पना मानववंशशास्त्राने पुढे सोडून दिली. सर्वांनी एकाच जिन्याच्या पायऱ्या चढल्या, असे दिसत नाही. नायर आणि खासी समाजांतील मातृवंशीय कुटुंबे, हिमालयातील बहुपतित्व, अन्यत्रचे बहुपत्नीत्व, अशी विविधता भारतातच शेजारी शेजारी नांदत आली. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथ सिद्ध केला, तो प्रत्यक्ष क्षेत्रीय पाहणीच्या पायावर. राजवाडे यांच्यापाशी ते साधन नव्हते. जातीविषयीचा अभिनिवेशही त्यांच्या लेखनात जागोजाग डोकावतो, हे झाकण्यात अर्थ नाही.

तरीही त्यांचा मूळ प्रश्न खोटा ठरलेला नाही. स्त्रीपुरुषसंबंधांचे नियम माणसांनी घातले, माणसांनी बदलले आणि त्या प्रत्येक बदलात कोणाचे तरी हित व कोणाचे तरी स्वातंत्र्य गुंतलेले होते. बालविवाह, सक्तीचे वैधव्य यांचे समर्थन ज्या सनातनत्वाच्या आधारावर केले गेले, तो आधारच इतिहासाच्या कसोटीवर डळमळतो. जातीबाहेर विवाह करणाऱ्या तरुण-तरुणींना परंपरेच्या नावाने आजही जीव गमवावा लागतो. तेव्हा ती परंपरा किती जुनी, कोणाची आणि कोणत्या काळची, हे विचारणे हे पांडित्याचे काम राहत नाही, ते नागरिकाचे कर्तव्य ठरते.

राजवाडे यांना पूर्वजांचा विलक्षण अभिमान होता. पण पूर्वजांना सोवळे नेसवून उभे केल्यावाचून तो अभिमान टिकणार नाही, असे त्यांना कधी वाटले नाही. पूर्वज जसे होते तसे पाहण्याचे हे धैर्य त्यांच्या कोणत्याही सिद्धांतापेक्षा अधिक टिकाऊ आहे.