डॉ. होमी भाभा व हरवलेलें विमान

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचें नांव विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतें. परंतु त्यांच्याविषयीं कांहीं सांगा असें म्हटलें, कीं बहुतेक जण त्यांच्या मृत्यूपासूनच आरंभ करितात. आणि ती हकीकतहि बहुधा कर्णोपकर्णीं आलेली असते. म्हणून येथें त्यांचें चरित्र व ती हकीकत या दोन्ही गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं मुंबईंत एका सुविद्य पारशी घराण्यांत झाला. मुलानें इंजिनियर होऊन टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद-कारखान्यांत काम करावें अशी वडिलांची इच्छा होती. केंब्रिजास गेल्यावर होमींचें मन पदार्थविज्ञानांत गुंतलें, व तसें त्यांनीं घरीं स्पष्ट लिहिलें. इंजिनियरिंगच्या परीक्षेंत पहिला वर्ग मिळव, मग पुढील गणिताच्या शिक्षणाचा खर्च देऊं, अशी वडिलांनीं अट घातली. १९३० सालीं मुलानें ती पुरी केली. अशी अट घालणारे वडील व ती पाळणारा मुलगा, दोघांविषयींहि आम्हांस आदर वाटतो.

पुढें हायटलर या शास्त्रज्ञासह विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ति मांडून त्यांनीं कीर्ति मिळविली. १९३९ सालीं ते सुट्टीसाठीं घरीं आले असतां महायुद्ध सुरू झालें आणि ते येथेंच राहिले. बंगळूरास रामन यांच्या सहवासांत कांहीं वर्षें घालविल्यावर १९४५ सालीं त्यांनीं टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली. १९४८ सालीं ते अणुशक्ति मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजीं तुर्भें येथें ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालू झाली. ते उत्तम चित्रें काढीत. इमारतीच्या आड झाड आलें तर तें तोडूं न देतां मुळांसकट उचलवून दुसरीकडे लाववीत.

२४ जानेवारी १९६६ रोजीं ते व्हिएन्ना येथील सभेस निघाले होते. एअर इंडियाचें ‘कांचनजंगा’ हें बोइंग विमान मुंबईहून दिल्ली व बेरूतमार्गें जिनीव्हास उतरावयाचें होतें. आंत ११७ माणसें होतीं. उतरण्यास थोडाच अवकाश असतां विमान रडारच्या पडद्यावरून नाहींसें झालें. आमच्या उमरीच्या स्टेशनावर गाडीस उशीर झाला, तर ती कोणत्या दोन स्टेशनांमध्यें आहे हें स्टेशनमास्तर सांगूं शकतात; आल्प्स पर्वताच्या ढगांत विमान गेल्यावर कोणास विचारावें? अखेर हेलिकॉप्टरांस मों ब्लांच्या शिखराजवळ अवशेष दिसले. कोणीहि वांचलें नव्हतें. हवा बिघडल्यानें शोध आवरता घ्यावा लागला. भाभांचा देह हातीं लागला नाहीं.

मग तर्कांस काय तोटा! तेरा दिवस आधींच पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ताश्कंद येथें वारले होते. आणि ठरविल्यास १८ महिन्यांत अणुबाँब करतां येईल असें भाभांनीं १९६५ सालीं जाहीरपणें म्हटलें होतें. कोणी म्हणे विमानांत बाँब होता, कोणी म्हणे परक्या हेरखात्याचें कृत्य, कोणी म्हणे दुसऱ्या विमानाची टक्कर. यांपैकीं एकाहि तर्कास खात्रीलायक पुरावा पुढें आलेला नाहीं.

फ्रेंच चौकशीनें दिलेलें कारण अगदीं साधें आहे, आणि म्हणूनच तें लोकांस रुचत नसावें. बेरूत सोडतांना विमानाचें एक दिशादर्शक यंत्र नादुरुस्त होतें. मों ब्लां ओलांडला अशी वैमानिकाची समजूत झाली. जिनीव्हाच्या नियंत्रकानें रडारवर चूक ओळखली व पर्वतास अजून ५ मैल आहेत असें कळविलें. परंतु त्याचे शब्द पुरेसे नेमके नसल्यामुळें वैमानिकाचा गैरसमज तसाच राहिला, व विमान खालीं येत गेलें. एका ढिल्या वाक्यानें एवढीं माणसें जावीं हें मानण्यापेक्षां शत्रूचें कारस्थान मानणें मनास सोपें जातें. याच पर्वतावर ३ नोव्हेंबर १९५० रोजीं एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ आपटून ४८ जण मेले; त्यांत बहुतेक भारतीय खलाशी होते. त्यांच्याविषयीं कोण तर्क लढवितो?

तुर्भ्याच्या अणुकेंद्रास १९६७ सालीं भाभांचें नांव देण्यांत आलें. मों ब्लांवरील बोसाँ ही हिमनदी मात्र हळूहळू खालीं सरकत आहे, व पोटांतील वस्तु बाहेर टाकीत आहे. २०१२ सालीं तिच्यांतून भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याची टपालाची थैली निघाली. २०२० सालीं कांहीं भारतीय वृत्तपत्रें निघालीं. तीं वाळत घातलीं तेव्हां इंदिरा गांधींची पंतप्रधानपदीं निवड झाल्याची बातमी त्यांवर स्वच्छ वाचतां येत होती.