ग्रंथप्रेमी प्राध्यापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. ग्रंथांचा छंद त्यांना त्याआधीपासूनच होता.

न्यूयॉर्कला शिकताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुनी पुस्तके जमविली. १९१७ साली परतताना त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने निघाले. महायुद्धात शत्रूने ती बोट बुडविली व पुस्तके समुद्रात गेली. तरी छंद सुटला नाही.

लंडनचे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी प्राध्यापकीच्या पगारातून ते शिल्लक टाकीत. परळच्या चाळीत रमाबाई मोजक्या पैशांत घर चालवीत. १९२३ साली बाबासाहेब डी. एस्सी. झाले. पुढे ग्रंथांना जागा पुरावी म्हणून दादरला त्यांनी ‘राजगृह’ बांधले. बागेची व कुत्र्यांचीही त्यांना हौस होती. उतारवयात ते व्हायोलिन शिकले.

त्यांची विद्या कपाटात बंद राहिली नाही. १९३९ च्या डिसेंबरात आपल्या जिल्ह्यातील हरेगावच्या वतनदार परिषदेत गोरगरिबांची बाजू त्यांनी मांडली.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले. आदल्या रात्रीही ते आपल्या बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेवर नजर फिरवीत होते.

रमाबाई १९३५ सालीच निवर्तल्या होत्या. पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. भगिनींनो, त्या थोर ग्रंथसंग्रहाची आठवण काढताना रमाबाईंच्या काटकसरीचेही स्मरण ठेवू या.