ह्यूगो युंकर्स

विसाव्या शतकाच्या प्रारंभी विमाने लाकूड, कापड आणि तारा यांची बनविलेली असत. पंख मोडू नयेत म्हणून त्यांना बाहेरून तारांचे ताण दिलेले असत. या तारा वाऱ्याला अडवीत आणि विमानाचा वेग कमी करीत. तारांवाचून टिकेल असा पंख घडविता येईल काय, या प्रश्नाने जर्मनीतील एका प्राध्यापकाला पछाडले. त्यांचे नाव ह्यूगो युंकर्स.

युंकर्स यांचा जन्म 3 फेब्रुवारी 1859 रोजी झाला. देसाऊ येथे त्यांचा गॅसवर पाणी तापविणाऱ्या बंबांचा कारखाना होता. पत्र्याचे काम त्यांना चांगलेच अवगत होते. विमानविद्येकडे ते वळले, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती.

उडताना हवा पंखांना वर उचलते, तर धडाचे वजन खाली ओढते. त्यामुळे पंखांची टोके वर वाकतात. उतरताना विमान जमिनीवर जोराने आदळले, तर तेच पंख खाली हिसकतात. दोन्ही वेळी सर्वांत अधिक ताण पडतो तो पंखाच्या मुळाशी. म्हणून पंख मुळाशी जाड करावा आणि त्याला बळ देणारा सांगाडा आतच बसवावा, असे युंकर्स यांनी ठरविले. 1910 साली त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले.

डिसेंबर 1915 मध्ये त्यांचे पोलादी पत्र्याचे विमान उडाले. ते फार जड होते. लोकांनी त्याला पत्र्याचे गाढव असे नाव ठेवले. पण युंकर्स खचले नाहीत. पुढे त्यांनी ड्युरॅल्युमिन हा हलका व कणखर मिश्रधातू निवडला आणि त्याचा पत्रा पन्हळी करून त्याची ताकद वाढविली. महायुद्धाच्या काळात त्यांनी लष्करासाठीही विमाने बांधली. युद्ध संपताच, 25 जून 1919 रोजी, चार उतारूंना बंद खोलीत बसवून नेणारे त्यांचे एफ-13 हे विमान आकाशात झेपावले. संपूर्ण धातूचे ते पहिले प्रवासी विमान होय.

एप्रिल 1928 मध्ये त्यांच्या कारखान्यातील 'ब्रेमेन' या विमानाने आयर्लंडहून निघून अटलांटिक महासागर पूर्वेकडून पश्चिमेकडे न थांबता ओलांडला. कॅनडातील एका बेटावर बर्फावर उतरताना विमानाची मोडतोड झाली. परंतु आतील तिघेही सुखरूप राहिले.

युंकर्स यांना विमान हे देशांना जोडणारे साधन वाटे. 1933 साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. तिला युद्धासाठी विमाने हवी होती. युंकर्स यांच्यावर दडपण आणून त्यांची पेटंटे व कारखाने हिरावून घेण्यात आले आणि त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले. 3 फेब्रुवारी 1935 रोजी, आपल्या शहात्तराव्या वाढदिवशी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. पुढे त्यांच्याच नावाची विमाने शहरांवर बाँब टाकू लागली.

तरीही त्यांची विद्या वाया गेली नाही. आजच्या प्रचंड प्रवासी विमानांचे पंखही बाहेरच्या तारांवाचून उभे असतात. वादळात ते वेळूसारखे लवतात, पण मोडत नाहीत. खिडकीतून पंख हलताना पाहून उतारूने भिऊ नये; त्या लवण्यातच त्याची सुरक्षितता असते.